विहिणीची नदी

माझ्या विहिणीइतकी हट्टी आणि विक्षिप्त बाई थेम्सच्या काठावर आजवर कधी चालली नसेल, याबद्दल आमच्या मेडनहेडच्या सगळ्या गल्लीचं एकमत होतं. कचऱ्याचे डबे कुठे लावायचे यावर या गल्लीत दोन घरांचं कधी पटलं नाही, पण माझ्या विहिणीच्या बाबतीत पटलं. पहिली दोन वर्षं मीही गल्लीच्याच बाजूची होते. माझी विहीण चीनची. चीनच्या दक्षिणेला, खूप आत, एका नदीकाठच्या गावची. त्या गावाचं नाव मी कितीतरी वेळा म्हणून पाहिलं, पण दर वेळी ती मान हलवते आणि पुन्हा म्हणायला लावते, आणि शेवटी कंटाळून माझ्या वाटीत भाजी वाढते. माझा मुलगा आणि तिची मुलगी एडिनबराला शिकताना भेटले. लग्न त्यांनी परस्पर रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन केलं आणि आम्हा दोघींना फोटो पाठवले. विहिणीचे पाय धुणं नाही, मानाची साडी नाही, पंगत नाही, रुसवा नाही. त्यामुळे दोन विहिणींना भांडायला जे हक्काचं कारण लागतं तेच आम्हाला मिळालं नाही, आणि पुढे आम्ही एका खोलीत राहिलो तरी ते शोधून सापडलं नाही.

एका खोलीत राहायची वेळ आली ती नातीमुळे. आमचे हे बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तू एकटी नको राहूस, आमच्याकडे ये." मला भरून आलं. मेडनहेडला आल्यावर कळलं की सुनेला दिवस गेले आहेत आणि नर्सरीचा खर्च फार असतो. विहिणीला इथे कायमचं राहता येत नाही. ती पाहुणी म्हणून यायची, सहा महिने राहायची आणि परत जायची. ती आली की मागच्या खोलीत दुसरा पलंग उघडायचा. एका पलंगावर मी, एकावर ती, मधे एक कपाट, त्यातले वरचे कप्पे तिचे आणि खालचे माझे. आम्हा दोघींत बोलायला भाषा नव्हती. तिला दहा-बारा इंग्रजी शब्द येत, मला त्याहून थोडे जास्त, पण ते सगळे दुकानातले आणि बसमधले. मग तिने फोनमध्ये एक सोय करून घेतली. ती फोनशी चिनी बोलायची आणि फोन माझ्याशी हिंदी बोलायचा, तोही बातम्या सांगणाऱ्या पुरुषाच्या आवाजात. रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून तो गंभीर आवाज यायचा, "क्या आपके घुटने में भी दर्द है?" मी "हो" म्हणायची, आणि पलीकडून समाधानाचा सुस्कारा ऐकू यायचा.

तिचं गरम पाण्याचं वेड जगावेगळं होतं. थंड पाणी हा माणसाचा शत्रू आहे आणि इंग्रज लोक त्याला घरात घेऊन बसलेत, असं तिचं पक्कं मत. तिच्या खांद्याला कायम थर्मास. चर्चच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या खेळगटाला थर्मास, डॉक्टरकडे थर्मास, भर उन्हाळ्यात नदीकाठच्या बाकावर थर्मास. एकदा हॉटेलात वाढणाऱ्या पोरीने बर्फ घातलेलं पाणी आणून ठेवलं, तर हिने सगळ्यांचे पेले एकेक करून शेजारच्या कुंडीत रिकामे केले आणि थर्मासमधून वाफाळतं पाणी वाढलं. मुलगा टेबलाकडे बघत बसला. पण आमची ओळखच मुळी त्या गरम पाण्यावर झालेली. सून बाळंत झाली तेव्हा मी हॉस्पिटलात डिंकाचे लाडू आणि ओव्याचं पाणी घेऊन गेले, तर दारात ही बाई विमानातून उतरून थेट आलेली, हातात आल्याच्या काढ्याचा डबा, आणि आत नर्सने सुनेच्या हातात बर्फाचं पाणी दिलेलं. आम्ही दोघी एकाच वेळी पुढे झालो. पेला तिने काढून घेतला, खिडकी मी लावली. पुढचा महिना सुनेने केस धुवायचे नाहीत, कान उघडे टाकायचे नाहीत, वाऱ्याला बसायचं नाही, यावर दोन देशांचं एका शब्दाशिवाय एकमत झालं. घरी येणारी मिडवाइफ खिडकी उघडायची, ती गेली की विहीण लावायची, आणि मी वर पडदा ओढायची. सुनेने तिचा काढाही प्यायला नाही आणि माझे लाडूही खाल्ले नाहीत. ती पाकिटातले बटाट्याचे काप खात असे. उरलेलं आम्ही दोघींनी एकमेकींचं संपवलं, म्हणून त्या वर्षी बाळंतिणीपेक्षा आमचीच तब्येत सुधारली.

मग तिचं उलटं चालणं. रोज सकाळी ती थेम्सच्या काठच्या वाटेवर जायची आणि पाठ पुढे करून चालायची, दोन्ही हातांनी आपल्याच दंडांवर फटके मारत, जोरजोरात. गुडघ्याला ते चांगलं असतं म्हणे. मी नातीची गाडी ढकलत तिच्या समोरून सरळ चालायची आणि तिच्या पाठीमागून सायकल आली की हात वर करायची, एवढं माझं काम. कुत्रे तिला बघून भुंकायचे नाहीत, गप्प व्हायचे. एका सकाळी ती एका उंच म्हाताऱ्या साहेबावर जाऊन आदळली. तो बिचारा "सॉरी" म्हणाला, तर तीही "सॉरी" म्हणाली, पण अशा सुरात की तो वाट सोडून गवतात उभा राहिला. मग गल्लीतली एक बाई दारात आली आणि तिने मला हळू आवाजात विचारलं, तुमची मैत्रीण ठीक आहे ना. मी म्हटलं, "व्यायाम." तिने माझ्याकडेही त्याच नजरेने पाहिलं. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, तिला सांग ना, घरासमोरून जाताना तरी नॉर्मल चालायला. लोक बघतात." दुसऱ्या दिवशी सुनेने आईला शहाण्यासारखे फिरायचे बूट आणून दिले. विहीण ते बूट घालून उलटी चालली.

घरात तिच्या हातून काही वाया जायचं नाही. संत्र्याच्या साली सगळ्या हीटरांवर वाळत पडलेल्या, मोहरीचा पाला कपड्यांच्या दोरीवर शर्टांच्या मधे लटकवलेला, गॅरेजमध्ये मिठाच्या पाण्यात बुडवलेली बदकाची अंडी. मी उन्हात मिरच्या घातल्या तर तिने येऊन त्या पालथ्या केल्या, जशी माझी आई करायची. अमावस्या आणि पौर्णिमा तिला कॅलेंडर न बघता कळत. त्या दोन दिवशी ती मांस खायची नाही, आणि माझं काय वारांचं आणि एकादशीचं असतं ते तिने निरीक्षणाने ओळखलं. एकादशीला सकाळी उठले की गॅसवर रताळी उकडत असायची. हे माझ्या मुलाच्या कधी लक्षात राहिलं नव्हतं. आभार मानणं तिला माहीत नव्हतं. प्रेम आलं की ती रागवायची. माझा दंड चिमटीत धरून "थिन" म्हणायची आणि इतकी चिडायची की जणू मी मुद्दामच तिच्या नाकावर टिच्चून वाळले होते.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो हिरवळीचा. मुलाने मागच्या अंगणात गालिच्यासारखं गवत आणून लावलं होतं. विहिणीला ते गवत बघवेना. गाय नाही, बकरी नाही, आणि आठवड्याला ते कापून फेकायचं. एका दुपारी ती दुकानातून फावडं घेऊन आली. मुलगा ऑफिसातून परतला तेव्हा अर्ध्या अंगणात सरळ वाफे निघाले होते.

"आई, हे काय आहे?"

"भाजी."

"लॉन होतं ते. तू बघत काय बसली होतीस?"

"बसले नव्हते. दोरी धरली होती. वाफा सरळ यायला दोरी लागते."

"तिला थांबवायचं नाही का?"

"तिला मराठी येत नाही."

"खुणेने सांगायचं."

"खुणेनेच तिने मला दोरी धरायला सांगितली."

तो दार आपटून आत गेला. त्या उन्हाळ्यात मात्र पाहुणे आले की तोच त्यांना बागेत नेऊन सांगायचा, सगळं ऑरगॅनिक आहे, आम्हीच लावतो.

थेम्स तिला पसंत नव्हती. आम्ही बंधाऱ्याजवळ बाकावर बसायचो, नात मीमी बदकांना पाव टाकायची, समोरून पांढऱ्या होड्यांमधून लोक हातात पेले घेऊन जायचे. विहीण बोटाने नदी दाखवून म्हणायची, "स्मॉल." मग थोडा विचार करून, "नो वर्क." कोणी कपडे धूत नाही, कोणी भाजी धूत नाही, कोणी पलीकडे जात नाही, मग ही नदी कशाला ठेवली आहे, असं तिला म्हणायचं असावं. मग ती फोनमध्ये आपली नदी दाखवायची. फोटोत नुसतं हिरवट पाणी आणि धुकं. फोन म्हणायचा, "मेरी नदी बहुत शांत है। आप आइए।" मी मान डोलवायची. माणसं असं बोलतात, आणि मला तोवर बर्मिंगहॅमपलीकडे कोणी कुठे बोलावलं नव्हतं.

पण गेल्या वर्षी खरंच जायचं ठरलं. सप्टेंबरात मीमी शाळेत जाणार, मग रजा मिळणं कठीण, म्हणून ईस्टरच्या सुटीत जाऊन यावं असं मुलाने काढलं. विहीण तेव्हा गावीच होती. तिने एकच हट्ट धरला, की एप्रिलच्या सुरुवातीचा एक ठरावीक दिवस गावात हवा. सून म्हणाली, "ओके मम, ओके." मुलाच्या बेतात आधी शांघायच्या उंच इमारती होत्या, शेवटी प्रसिद्ध डोंगरांमधली होडीची सफर होती, आणि मधे तीन दिवस ते गाव.

विमान, मग वाऱ्यासारखी धावणारी रेल्वे, मग भाड्याची मोटार, असे आम्ही पोचलो. नदी खरोखर मोठी होती. माझ्या माहेरची कृष्णा पावसाळ्यात जेवढी होते तेवढी, पण आवाज नाही. घाटाच्या दगडी पायऱ्या, वर दोन-तीन जुने वड, पायऱ्यांवर बाया मोगरीने कपडे धोपटत बसलेल्या. तो आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊन डोंगराला लागून परत यायचा. मी कित्येक वर्षांत मोगरीचा आवाज ऐकला नव्हता. गावात तरुण माणूस म्हणून दिसेना. सगळे मोठ्या शहरांतल्या कारखान्यांत. घरं चार-चार मजल्यांची, बाहेरून गिलावा न केलेली, पोरांनी पाठवलेल्या पैशांवर बांधलेली, आणि प्रत्येकात खालच्या मजल्यावर एक म्हातारा किंवा म्हातारी आणि एखादं नातवंड.

आणि संध्याकाळी काय बघते, तर नदीच्या बांधावर सगळं गाव उलटं चालत होतं. म्हातारे, म्हाताऱ्या, खांद्याला थर्मास, दंडांवर फटके, फटाफट फटाफट, गप्पा मारत, पाठीमागे. कोणी कोणावर आदळत नव्हतं. त्यांच्यात मी एकटी तोंड पुढे करून चालणारी, साडीवर स्वेटर आणि पायात बूट घातलेली बाई. पोरं माझ्यामागे यायला लागली. दोघी-तिघींनी माझी साडी कुठे सुरू होते ते शोधून पाहिलं. विक्षिप्त कोण ते त्या बांधावर माझ्या चांगलं लक्षात आलं. विहिणीने माझा हात धरून मला मिरवलं आणि मोठ्याने काहीतरी सांगितलं, तसे सगळे हसले. मी फोन पुढे केला. फोन म्हणाला, "यह वही है जो इंग्लैंड में मेरे कमरे में रहती है।" मेडनहेडमध्ये सुनेच्या घरात भिंतीकडेने चालणारी, कपबशी उचलायच्या आधी मुलीच्या तोंडाकडे बघणारी माझी विहीण तिथे कमरेवर हात ठेवून चालत होती, आणि माणसं तिला वाट देत होती.

घर तिचंही चार मजली. तिसऱ्या मजल्यावर मुलगी-जावयाची खोली, गादीवरचं प्लास्टिक तसंच. मीमीसाठी गुलाबी मच्छरदाणी. आणि जावयाला खाली बसायची सवय नाही म्हणून शहरातून आणून बसवलेला पांढराशुभ्र कमोड, त्यावरचा कागदी शिक्का अजून काढला नव्हता. ती हे सगळं दार उघडून उघडून दाखवत होती. मुलगा म्हणाला, "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस." मग सुनेने आईला काहीतरी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी शहरातलं हॉटेल घेतलं होतं, मोटारीने तासाभरावर. सुनेला ऑफिसचं काम होतं आणि गावात इंटरनेट बरं चालत नाही. विहीण "ओके, ओके" म्हणाली आणि कमोडचं झाकण लावून बाहेर आली. मी म्हटलं, मी इथेच राहते. मुलाला ते फारसं आवडलं नाही, पण मोटारीत जागाही कमीच होती.

त्या रात्री जेवणानंतर ती मला बांधावर घेऊन बसली आणि पलीकडचा डोंगर दाखवला. डोंगरभर झाडीत मोकळ्या जागा दिसत होत्या, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या. त्या कबरी. तिने फोन मधे ठेवला आणि हळूहळू सांगितलं. वर्षातून एकदा, या दिवसांत, घरच्यांनी वर जायचं, गवत काढायचं, जेवण ठेवायचं, आणि सगळं झालं की कबरीच्या माथ्यावर पांढरा कागद ठेवून त्यावर दगड ठेवायचा. तो कागद खालून गावाला दिसतो. फोन आपल्या त्या गंभीर आवाजात म्हणाला, "जिस कब्र पर कागज़ नहीं, उसका कोई नहीं बचा।" नवरा गेल्यापासून ती एकटीच जाऊन कागद लावत होती. चालतं, पण गावाला माहीत असतं की तो बायकोने लावलाय, लेकराने नाही. मुलगी एकुलती एक, आणि इंग्लंडला गेल्यापासून या दिवसांत एकदाही आली नव्हती. नात तर कधीच नाही. म्हणून तो तारखेचा हट्ट होता. परवा सकाळी मुलीच्या हाताने कागद लागणार होता आणि नावाड्यापासून सगळ्यांना ते दिसणार होतं. हे सांगताना ती रागावल्यासारखी दिसत होती, म्हणजे फार आनंदात होती.

मला समजायला वेळ लागला नाही. आमच्या ह्यांची रक्षा मुलाने एका सुटीच्या दिवशी नदीत सोडली, आणि तेव्हापासून त्यांची तिथी कधी येते ते घरात मला एकटीला माहीत असतं. मी त्या दिवशी खीर करते. मुलगा विचारतो, आज स्वीट कशाबद्दल.

कागद लावायच्या त्या सकाळी विहीण उजाडायच्या आत उठली होती. अख्खी कोंबडी उकडून ठेवलेली, डुकराच्या मांसाचा तुकडा, संत्री, दारूचे तीन छोटे पेले, उदबत्त्या, कागदांची चळत, दोन विळे. माझ्यासाठी वेगळ्या फडक्यात उकडलेल्या अळकुड्या, कारण त्या दिवशी माझा गुरुवार होता. मीमीसाठी तिने नवे लाल बूट आणले होते, चिखलात घालायला. आम्ही घाटावर जाऊन बसलो. नावा भरून भरून पलीकडे जात होत्या. शहरांतून खास त्या दिवसासाठी आलेली पोरं, सुना, नातवंडं, हातात टोपल्या. प्रत्येक जण जाताना विहिणीला काहीतरी विचारायचा आणि ती रस्त्याकडे बोट दाखवायची. मोटार काही येईना. मग माझा फोन वाजला.

"आई, मीमी रात्री खोकत होती," मुलगा म्हणाला. "आणि हिचा कॉल आहे. आज नाही जमणार."

"कॉल झाल्यावर या. नावा दुपारपर्यंत चालू आहेत."

"वर सगळा चिखल असेल. मुलीला घेऊन कुठे चढायचं? व्हॉट इज द पॉइंट?"

"तुझ्या बायकोच्या बापाची कबर आहे."

"आय नो, आई. नेक्स्ट टाइम करू ना."

"नेक्स्ट टाइम कधी?"

"तू आता इश्यू करू नकोस. तुला त्यांच्यातलं काय कळतं?"

"कागद लावायचा असतो एवढं कळतं. सुनेला पाठव. नाहीतर पोरीला तरी पाठव, मी उचलून वर नेते आणि तासाभरात खाली आणते. तुझी सासू इथे कधीची बसली आहे. सगळं गाव विचारतंय तिला."

"आई, प्लीज," तो म्हणाला, आणि मागून सुनेचा आवाज आला, मग फोन बंद झाला.

मुलाशी एका दमात एवढं मी जन्मात बोलले नव्हते.  विहिणीला भाषा कळली नाही, पण बाकी सगळं कळलं. तिने लाल बूट पिशवीच्या तळाशी घातले, टोपली उचलली आणि नावेत जाऊन बसली. मी मागून गेले. बाईमाणसाने मसणवट्यात जायचं नसतं असं मला लहानपणापासून सांगितलेलं, पण तिला एकटीला कसं सोडायचं.

सून वाईट नाही. हे लिहिताना मला ते लिहायलाच हवं. तिच्या आईने तिला याच घाटावर लोकांचे कपडे धुऊन शिकवलं, आणि लहानपणापासून एकच मंत्र दिला, शिक, बाहेर जा, मागे वळून बघू नकोस. पोरीने आईचं ऐकलं. एवढी आज्ञाधारक मुलगी मिळायला भाग्य लागतं.

चढ बराच होता. ती चार पावलं चढायची आणि गुडघा धरून उभी राहायची. कबरीवर कमरेएवढं गवत माजलेलं. आम्ही विळे काढले. हाताला सवय होती, ती कुठे गेली नव्हती. मी एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने, आणि मधे कुठेतरी आम्ही भेटलो. तिने जेवण मांडलं, पेले भरले, उदबत्त्या लावल्या आणि नवऱ्याशी भांडल्यासारखं बराच वेळ बोलली. मग चळतीतला कागद काढून माथ्यावर ठेवला. वारा होता, कागद उडायला बघत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन कागद दोन्ही हातांनी दाबून धरला आणि तिने दगड ठेवला. नंतर आम्ही तिथेच बसून जेवलो. तिने कोंबडीची तंगडी खाल्ली, मी अळकुड्या. खाली नदी इतकी गप्प होती की पलीकडच्या मोगऱ्या एकेक मोजता आल्या असत्या. तिने कागदाचा फोटो काढून मुलीला पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं, एक लाल बदाम आणि एक अंगठा.

परतताना नावाड्याने तिला काहीतरी विचारलं. तिने माझ्याकडे हात करून काहीतरी सांगितलं. तो माझ्या साडीकडे बघत राहिला आणि मग त्याने मान झुकवली. मी फोन पुढे केला. फोन म्हणाला, "मैंने कहा, परिवार आया था।"

सप्टेंबरात मीमी शाळेत जायला लागली. दुपारी शाळेतच क्लब असतो, तिथे मुलांना सहापर्यंत ठेवतात. मुलगा म्हणाला, आता पोपोला एवढ्या लांब यायचा त्रास नको, तिचे गुडघे दुखतात. पोपो म्हणजे मीमीची चिनी आजी. तिला कोणी विचारलं का, असं मी विचारलं नाही. तिचा पलंग काढला आणि तिथे सुनेचं टेबल आलं. ती घरून काम करते तेव्हा मी स्वयंपाकघरात बसते. बागेत पुन्हा गवत लावलं आहे.

गेल्या महिन्यात, त्या दिवसांत, विहिणीचा फोन आला. सुनेने टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी फोन उभा केला आणि मला बोलावलं. विहीण घाटाच्या वरच्या पायरीवर बसली होती. गुडघ्याला जाड पट्टी, शेजारी टेकून ठेवलेल्या दोन कुबड्या, पायात घरातल्या चपला, कोरड्या, चिखलाचा डाग नाही. तिने मुलीला काहीतरी सांगितलं आणि फोन वळवून पलीकडचा डोंगर दाखवला. डोंगरभर पांढरे ठिपके होते.

"मम म्हणते, ती पहाटेच वर जाऊन आली, गर्दीच्या आधी," सून मला इंग्रजीत म्हणाली. "दिसतोय का कागद, आई?"

फोनमधून विहीण माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "दिसतोय."

"गुड," सून म्हणाली, आणि तिने कानात ते ऐकायचे बोळे घालून लॅपटॉपकडे तोंड केलं, कारण तिची मीटिंग सुरू होत होती. मी फोन उचलून स्वयंपाकघरात नेला.  विहिणीने फोन नदीकडे धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. एक नाव पलीकडे निघाली होती. तिच्यात माणसं दाटीने उभी होती, प्रत्येकाच्या हातात टोपली होती, आणि एका बापाने खांद्यावर पोर घेतलं होतं, त्याला डोंगर दिसावा म्हणून.